पायपीट गेमचा शेवट

लग्न ठरलेल्या मुलीला कसली काळजी असते हे सगळ्यांना माहीत असतं. सासू कशी निघेल, नवरा बोलका असेल का, परक्या घरात झोप लागेल का. मलाही ती काळजी होतीच, पण लाज सोडून सांगायचं तर त्या दिवसांत माझा जीव टांगणीला लागला होता तो एका कॉम्प्युटर गेमपायी. लग्नाआधी तो संपेल का? मला दिलं होतं युसूफ वडगावात, आणि तिथे सासरच्या गल्लीत कॉम्प्युटर कुणी पाहिलेलाही नव्हता. इथे संपला नाही तर कधीच संपणार नव्हता.

वडवणीत आमचं लग्नपत्रिकांचं आणि वह्या-पेनांचं दुकान. पुढे दुकान, मागे घर. गावात कॉम्प्युटर नवलाचा होता तेव्हा दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, वडिलांच्या, आप्पांच्या मागे लागून लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायला तो आणवला आणि मधल्या खोलीत बसवला. पत्रिकांचं काम काय, लग्नसराईपुरतं. एरवी दादाचे मित्र तिथे ठिय्या मारून गेम खेळायचे. औरंगाबादहून आणलेल्या सीड्या होत्या. गाड्यांची शर्यत, बंदुकीची धडाधड, आणि त्यातच हा एक.

या गेमात एक बाई होती. हातात तलवार, कमरेला कंदील. तिच्या गावाला शाप लागलेला, माणसं होती तिथे थिजून उभी. शाप उतरायचा तर डोंगरांपलीकडच्या शेवटच्या किल्ल्यात जायचं. वाटेत राक्षस, चेटकिणी, जागोजागी भुतं. ना घोडा, ना गाडी. चालायचं.

पोरांनी त्याचं नाव ठेवलं पायपीट.

"ही बाई दोन वार केले की दम खाती बे," एक म्हणायचा. "आपल्याला काय दम खायला बसायचंय का?"

"अन् किती वाचायचं! हा गेम हाय का इंग्रजीचा पेपर?" दुसरा.

दादाचं मतही वेगळं नव्हतं. "लई बेकार गेम हाय. कुठं जायचं तेच सांगत न्हाई."

कसं सांगणार? ही पोरं दिसेल त्याच्यावर तलवार चालवायची. वाट सांगायला आलेल्या भुतालाही पहिल्या भेटीत कापून मोकळी व्हायची आणि मग वाट सापडत नाही म्हणून गेमच्या नावाने बोटं मोडायची. दाराआडून बघताना मला इतका राग यायचा की आत जाऊन एकेकाच्या पाठीत धपाटा घालावा.

दुपारी आप्पा गल्ल्यावर पेंगायचे, पोरं जेवायला पांगायची, तेव्हा मी बसू लागले. पोरांच्या खेळात लुडबूड नको म्हणून मी त्यांनी टाकून दिलेला गेम धरला, आणि तोच अंगात भिनला. दुकानातली विकायची डिक्शनरी पान न दुमडता बाजूला उघडून ठेवायची आणि भुतांच्या बोलण्याचा अर्थ लावायचा. बाई दम खाते यात तिची चूक नव्हती, खेळच तसा होता. मागे सरायचं, समोरच्याला वार करू द्यायचा, तो चुकला की आपला एकच. आमच्या घरात आप्पांसमोर बोलायची रीत यापेक्षा फार वेगळी नव्हती, त्यामुळे मला ते लगेच जमलं. जसजशी लढाई जिंकावी तसतशी अंगची ताकद वाढायची, पण झोळीत ओझं जास्त झालं की चाल मंदावायची. काय ठेवायचं, काय टाकायचं, यावर मी भाकरी थापताना विचार करायचे. पोरांच्या मते त्यात मजा नव्हती. माझ्या मते त्यांना मजा कशाला म्हणतात हेच कळत नव्हतं.

त्रास एवढाच की गेम सेव्ह व्हायचा फक्त विहिरीपाशी. दोन विहिरींच्या मध्ये लाईट गेली की सगळं चाललेलं पाण्यात. आणि आमच्याकडे लाईट जाणं म्हणजे काही कधीमधी येणारी पाहुणी नव्हती. लाईट गेल्यावर कॉम्प्युटरची बॅटरी कुंई कुंई करू लागली की मी बाईला विहिरीकडे दामटायचे. विहीर दिसतेय, बाई दमलीय, आणि स्क्रीन काळी. मी देवघराकडे तोंड करून शिवाला बोल लावायचे, मग पुन्हा मागच्या विहिरीपासून.

लग्न मार्गशीर्षात ठरलं. त्याआधी आली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्यात दुकानातल्या हत्यारांची पूजा. आईने ओल्या विभूतीची वाटी घेतली आणि कात्री, कागद कापायची सुरी, कुलूप, सगळ्यांवर तीन बोटांनी भस्माचे पट्टे ओढले. मग कॉम्प्युटर. मॉनिटरला पट्टे, की-बोर्डला पट्टे, माऊसलाही झेंडूचं फूल. टेबलावर सीड्या ओळीने मांडल्या होत्या. आईने त्यातली प्रत्येक उलटून चकाकती बाजू वर केली आणि तिच्यावर ठसठशीत तीन पट्टे ओढले. चकाकतं ते तोंड, असा तिचा हिशेब. देवाच्या पाठीला कुणी विभूती लावतं का?

भस्म वाळलं. दुसऱ्या दिवशी दादाने काही न सांगता सीड्या कोरड्या फडक्याने गोल गोल घासून पुसल्या. विभूती किती मऊ वाटते हाताला! पण चकाकत्या बाजूवर बारीक ओरखड्यांचं जाळं उमटलं. शर्यतीच्या गेमला काही झालं नाही, तो एकदा भरला की सीडी मागतच नसे. पायपीट मात्र पदोपदी सीडी वाचायचा. आता तो मध्येच घर्र करून थांबू लागला.

"माझ्यानं इघडलं का गं?" आईने विचारलं.

"न्हाई आई, जुनी झालती," मी म्हटलं आणि न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं.

लग्न तोंडावर आलं. घरात साड्या, पाहुणे, याद्यांचा गोंधळ, आणि मी कुणाचं लक्ष नाही बघून मधल्या खोलीत. सीडी काढायची, पदराने पुसायची, फुंकर मारायची, घालायची. कधी चालायची, कधी नाही. किती वेळा वाटलं, सोड, एक खेळणं ते. पण ते गाव तसंच थिजलेलं ठेवून जायचं माझ्या जिवावर येत होतं. हळदीच्या आदल्या दुपारी मी शेवटच्या राखणदाराला पाडलं. समोर विहीर. सेव्ह केलं. विहिरीपासून किल्ल्याच्या दारापर्यंत आता कुणी आडवं येणार नव्हतं, फक्त चालायचं होतं. मी चालले. दारापाशी सीडी घर्र करून अडकली. काढली, पुसली, पुन्हा. पुन्हा अडकली. तेवढ्यात मावशी मेंदीचा कोन घेऊन आली आणि मला ओढून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी अंगाला हळद लागली. हळदीच्या अंगाने मला कुणी जागचं हलू देईना, आणि मेंदीच्या हातांवरचं कापड आई सोडू देईना. मी दादाला बोलावून घेतलं. पायपीटला सगळ्यात जास्त नावं ठेवणारा तोच, पण दुसरं सांगणार कुणाला?

"दादा, माझं एक काम कर. फक्त दारापर्यंत चाल. कुणाला मारू नको. काय होतं ते मला येऊन सांग."

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. सीडी घेऊन मोरीवर गेला, साबणाच्या पाण्याने हलक्या बोटांनी आतून बाहेर धुतली, उन्हात धरली. मग मधल्या खोलीचं दार लावून बसला. भिंतीला कान लावून मी पाटावर. बाहेर बायकांची गाणी, आत ड्राइव्हची घरघर. मग घरघर थांबली. बराच वेळ काहीच ऐकू येईना.

दादा बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. स्क्रीनकडे बघून झाले म्हणाला.

"संपला गेम. दार उघडलं. शाप उतरला, समदं गाव हललं. अन् ती बाई आली की माघारी. दार उघडंच ऱ्हातंय तिला. पायजे तवा येती, पायजे तवा जाती."

माझ्या जिवात जीव आला. मी मेंदीच्या हातांनी त्याला मिठी मारली, त्याचा नवा शर्ट हळदीने माखला आणि आईची बोलणी त्यानेच खाल्ली.

लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला तो मला न्यायला युसूफ वडगावात आला. माहेरी पोचल्यावर मी सीडी शोधली, तर ती पार वाचेनाशी झाली होती. शेवट माहीत होता, म्हणून फार वाईट वाटलं नाही. त्यानंतर एकही पंचमी दादाने चुकवली नाही. मी एकटी बसने येऊ शकते, माझी मुलं मोठी झाली, गाडी चालवतात, तरी तोच येतो. गुडघा दुखतो तरी येतो. सासरी सगळे चिडवतात, हिचा भाऊ आला म्हणजे श्रावण लागला.

गेल्या आषाढात मोबाइलवर सहज त्या गेमचं नाव टाकलं. खरं इंग्रजी नाव मला पाठ होतं. बघते तर जगभरच्या लोकांनी त्यावर पानंच्या पानं लिहिलेली. कुणी म्हणे, याची कदर कुणी केलीच नाही. कुणी म्हणे, दम खाण्याची रीत हीच त्याची खरी गंमत. माझं म्हणणं इतकी वर्षं या लोकांकडे होतं आणि मला पत्ता नाही! मी खुशीत वाचत गेले. मग सगळे एकाच गोष्टीवर भांडताना दिसले, शेवटावर. एक म्हणत होता, एवढं चालून आल्यावर बाई आत जाते, गाव वाचतं, पण दार तिच्या मागे लागतं आणि नकाशावरून परतीची वाट पुसली जाते, हा अन्याय आहे. दुसरा म्हणत होता, याच शेवटासाठी हा गेम थोर. दार उघडं राहतं असं एकानेही लिहिलं नव्हतं. मी दादाला फोन लावला.

"दादा, त्या दिवशी सीडी चाललीच नव्हती ना? तू मनानं सांगितलंस ना?"

"कोणती सीडी?" मग त्याच्या लक्षात आलं. "चालली की. चांगली चालली."

"मग काय दिसलं तुला?"

मागून दुकानातला गलका येत होता.

"दार लागलं गं. रस्ता बी गेला नकाशावरनं. वाटलं माझंच काई चुकलं, म्हणून विहिरीपासून पुन्यांदा चाललो. पुन्यांदा बी लागलं."

"मग मला खोटं काहून सांगितलंस?"

"तुझ्या अंगाला हळद. भायेर मांडवाचे बांबू ठोकायले होते. तुला येऊन काय सांगू, दार लागलं म्हणून?"

फोन कानाला तसाच धरून बसले.

"बरं, ते ऱ्हाऊ दे," दादा म्हणाला. "पंचमी जवळ आली. कधी येऊ न्यायला?"