जत्रेचा नारळ, सिंगापूरची सुनावणी

"नारळ म्हणजे नोटीस होऊ शकते का?" सिंगापूरच्या सुनावणीत अध्यक्षबाईंनी मला विचारलं. चेहऱ्यावर हसू नव्हतं. शेजारी बसलेल्या माझ्या अशिलाला, काशिनाथशेठना, इंग्रजी फारसं कळत नाही, पण 'कोकोनट' ऐकून ते सावरून बसले.

काशिनाथशेठ उरणकडचे आगरी. एका ट्रेलरपासून सुरुवात करून त्यांनी न्हावा शेव्याजवळ कंटेनर यार्ड उभं केलं. पुढे एका परदेशी प्रायव्हेट इक्विटी फंडानं त्यात भागीदारी घेतली. असे फंड बड्या गुंतवणूकदारांचा पैसा वाढत्या कंपन्यांत लावतात आणि सोबत जाडजूड ॲग्रीमेंट आणतात. त्यात एक कलम होतं. फंडाला लेखी कळवल्याशिवाय यार्ड बंद ठेवायचं नाही, ठेवलं तर मॅनेजिंग डायरेक्टरला, म्हणजे शेठनाच, काढता येईल.

शेठनी गावदेवीच्या जत्रेला यार्ड बंद ठेवलं. फंडात नवे साहेब आले होते आणि त्यांना शेठच्या खुर्चीवर आपला माणूस बसवायचा होता. आयतं निमित्त मिळालं. प्रकरण आर्बिट्रेशनमध्ये गेलं, म्हणजे कोर्टाऐवजी दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या लवादांपुढे. हरलो असतो तर शेठ आपल्याच यार्डात पाहुणे झाले असते.

पहिल्याच मीटिंगला मी विचारलं, "फंडाला मेल केला होता?"

"न्हाय."

"पत्र?"

"ताय, घरच्या मानसाला कोन पत्र लिवतं? मी सोता नारल घेऊन त्यांच्या हापिसात गेलो. दर वर्साला जातो. जत्रंला या बोललो, त्या दिवशी यार्ड बंद हाय त्येबी बोललो."

मी कपाळाला हात लावला. पण मीही श्रीवर्धनची. आमच्याकडे नुसती पत्रिका पाठवली तर लग्नाला कुणी येत नाही, वर वर्षभर ऐकवतात. कलम पाळलं गेलं नव्हतं, हे खरंच. पण निरोप पोचला होता, आणि मला तेवढंच सिद्ध करायचं होतं.

फंडाचे साक्षीदार होते त्यांच्या मुंबई ऑफिसचे राघवन. सरळ माणूस.

"शेठ ऑफिसात आले होते?" मी उलटतपासणीत विचारलं.

"हो."

"यार्ड बंद राहील, असं म्हणाले?"

"हो. दर वर्षी सांगतात."

"तुम्ही कधी हरकत घेतलीत?"

"नाही."

"नारळाचं काय केलंत?"

फंडाच्या वकिलांनी ऑब्जेक्शन घेतलं. अध्यक्षबाईंनी उत्तर द्यायला सांगितलं. राघवन जरा लाजले. "घरी नेला. चटणी केली."

तेव्हाच बाईंनी मला नोटिशीचा तो प्रश्न विचारला. मी म्हटलं, "नारळ म्हणजे नोटीस नाही, मॅडम. पण दर वर्षी निरोप ऐकून घेतला, नारळ घरी नेला, हरकत घेतली नाही. आता कळवलंच नाही, असं कसं म्हणता येईल?"

लवादांना ते पटलं. शेठची खुर्ची राहिली. यापुढे मात्र लेखीच कळवा, असंही त्यांनी निकालात बजावलं. निकाल सांगायला मी फोन केला. शेठ म्हणाले, "ताय, जेवाया या."

आता माझ्या ॲग्रीमेंटांत मी सुट्ट्यांची यादी आधी घालते. बड्या फर्मचे वकील हसतात, हसू देत.

शेठ आता मेल करतात. सूनबाई टाइप करून देते. नारळ घेऊनही जातात. मेलला फंडाकडून 'नोटेड' एवढंच उत्तर येतं. नारळाला उत्तर म्हणून राघवन बायकोमुलांना घेऊन जत्रेला येतात.