चारशे ग्रॅम

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. आप्पा तंबाखूच्या वखारीत कामाला होते. निपाणीत कसलाही मोर्चा निघाला की उरलेली पत्रकं आमच्या खाटेखाली येऊन पडत. कोऱ्या बाजूवर आम्ही दोघी बहिणी गणितं सोडवायचो आणि छापील बाजू मी मोठ्यानं वाचायची. 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता आले. आई विड्या वळता वळता म्हणायची, "हिला शाळेत घालू नगा, डायरेक मोर्च्यात घाला."

माझी थोरली बहीण, म्हणजे आक्का, वाचनाच्या वाटेला कधी गेली नाही. ती पळायची. शाळेच्या सरांनी तिला बेळगावला जिल्ह्याच्या स्पर्धेला नेलं तेसुद्धा पळायलाच. तिथं मुलींच्या बॉक्सिंगमध्ये एका वजनगटात एकच नाव आलं होतं. गट रद्द होऊ नये म्हणून सरांनी हिचं नाव घातलं. सामन्याच्या दिवशी ती दुसरी मुलगी तापानं आलीच नाही आणि आक्का एकही ठोसा न मारता सुवर्णपदक घेऊन घरी आली. आप्पांनी गल्लीत पेढे वाटले. आक्का मात्र तोंड पाडून बसली होती.

"मी काय केलंय म्हणून पेढं वाटायला लागलाय?"

पुढच्या आठवड्यात ती एकटीच बेळगावच्या बसमध्ये बसली आणि तिला पदक घालणाऱ्या गृहस्थांना शोधून आली. ते लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार होते. घरी कन्नड बोलणारे, मराठी मोडकं पण बिनधास्त. तिथल्या एका शाळेच्या मैदानाकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते मुलामुलींना बॉक्सिंग शिकवत. आक्का त्यांना म्हणाली, "सर, ह्ये मेडल खरं करून घ्यायचं हाय." सर हसले. "तंगी," ते म्हणाले, कन्नडमध्ये धाकट्या बहिणीला तसं म्हणतात, "मेडल आधी मिळालं. आता मार खायला शिक."

तिनं खाल्ला. बारावीपर्यंत आठवड्यातून तीन दिवस पहाटेची बस, मग बेळगावात कॉलेज आणि वसतिगृह. ती घरी यायची तेव्हा आई तिच्या बोटांना तेल चोळायची आणि म्हणायची, "विड्या वळल्या असत्यास तर बोटं तरी सरळ ऱ्हायली असती." आक्का ओंदु, एरडु, मूरु म्हणत, सरांच्या कन्नडमध्ये आकडे मोजत अंगणात दोरीवर उड्या मारायची. शेजारचे एक काका, आप्पांच्याच मोर्च्यातले, एकदा दारात उभे राहून म्हणाले, "काय गं, पाठीवर कर्नाटक लिवलेला बनियन घालून खेळतीस. लाज न्हाय वाटत?"

"काका, मार पुढनं बसतोय. पाठीवर काय लिवलंय ते बघाय सवड कुणाला हाय?"

काका हसले. मला हसू आलं नाही. मी तेव्हा अठराची होते आणि सीमाभागावर झालेला प्रत्येक अन्याय मला पाठ होता. अजूनही आहे, आणि तो अन्याय होता यावर मी आजही ठाम आहे. पण पुढं जे घडलं त्यात त्या अन्यायाचा काही संबंध नव्हता, हे सांगायलाच हे लिहिते आहे.

आक्का तीन वर्षं सलग राज्यात पहिली आली. चौथ्या वर्षी देशात पहिली आली, एक्कावन्न किलोच्या गटात. बातमी आली त्या दिवशी आमच्या गल्लीत हलगी थांबली नाही. ती घरी आली आणि बरोबर दोन आठवड्यांनी बंगळूरला निवड चाचणी होती. त्यातून परदेशी स्पर्धेसाठीच्या शिबिराला मुली जाणार होत्या. आक्काला तेवढंच हवं होतं. सत्काराच्या शाली तिनं घडीही न मोडता आईकडे दिल्या, पण चाचणीचं पत्र उशाखाली ठेवलं.

आमच्याकडे सत्काराची एक रीत आहे. उघड्या जीपमधून मिरवणूक, फेटा, शाल-नारळ हे सगळीकडेच असतं. आमच्याकडे त्यानंतर प्रत्येक गल्ली पाहुण्याला जेवायला बोलावते, आणि ताट परत पाठवणं म्हणजे त्या गल्लीच्या तोंडावर दार लावणं. कुणाचं कधी, हे ठरवून छापावं लागतं, नाहीतर भांडणं होतात. पत्रक लिहायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. 'सीमाभागाच्या रणरागिणीचा भव्य नागरी सत्कार' असा मथळा दिला आणि खाली बारा दिवसांचा तक्ता. तक्ता भरताना एक बाई येऊन म्हणाल्या, "मागल्या बाजूच्या गल्लीला दोन येळा आन् आमाला एकदाच? आमचं जेवान काय कडू असतंय व्हय?" मी त्यांना एक वेळ वाढवून दिली.

आक्का दोरीवर उड्या मारता मारता म्हणाली, "बारके, एक ओळ घाल. सत्कार घेते, जेवान नगो. वजनाचा खेळ हाय माझा."

मी ओळ लिहिली, वाचली आणि खोडली. ती वाचून माणसं दुखावतील असं मला वाटलं. शिवाय एवढ्या ज्वलंत मजकुराच्या खाली 'जेवण नको' हे शब्द फार मिळमिळीत दिसत होते. खरं कारण या दोन्हींतलं दुसरं होतं.

पत्रक वाटलं गेलं. आक्कानं ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा दोरी उचलली. मग बारा दिवस पुरणपोळी, कटाची आमटी, तांबडा रस्सा, बोरगावच्या पाहुण्यांनी आणलेला बेळगावचा कुंदा. ती एक घास खायची आणि भोवती उभ्या बायका म्हणायच्या, "अगं खा की गं, मारायला ताकद नगो?" ती अजून एक घास खायची. दुपारी जाड जॅकेट घालून उन्हात पळायची. सरांचा फोन आला की म्हणायची, "कंट्रोलमधी हाय सर."

बंगळूरला सकाळी वजन झालं. काटा एक्कावन्न किलो चारशे ग्रॅमवर थांबला. तासाभराची सवलत मिळाली. तिनं पळून घाम काढला, तोंडातली थुंकीसुद्धा टाकली, केस कापायला कात्री मागितली. तरी शंभर ग्रॅम उरलेच. तिचं नाव यादीतून गेलं. हे सगळं मला सरांनी नंतर सांगितलं. तिनं फोनवर एवढंच सांगितलं, "वजनात बसले न्हाय. येतेय."

मी ते वाक्य ऐकलं आणि त्याचा अर्थ मला हवा तसा लावला. दुपारपर्यंत पत्रक तयार होतं. निपाणीची मराठी मुलगी म्हणून काट्यात फेरफार, हा सीमाभागावर पुन्हा एकदा अन्याय, वगैरे. खाली 'समस्त सीमावासीय' अशी सही. समस्त सीमावासीय म्हणजे मी एकटी. संध्याकाळी ते चिकोडीपासून खानापूरपर्यंत मोबाइलवर फिरत होतं. आक्काची बस निपाणीला पोचली तेव्हा स्टँडवर चाळीसेक माणसं घोषणा देत उभी होती. ती पिशवी छातीशी धरून त्यांच्यातून वाट काढत घरी आली.

"काट्यात फेरफार हुता म्हणून तुला कुणी सांगितलं?"

"मग जराशा वजनासाठी कुणी नाव काढतं का आक्का? तू बंगळूरची असतीस तर..."

"बंगळूरच्या दोघींची नावं माझ्याआधी काढली. वजनावरनंच."

"मी तुझ्या बाजूनं लिहिलंय."

"माझ्या बाजूनं? मला इचारलंस?" तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच आप्पा रेडिओ बंद करून बघायला लागले. "तुला लिवायचं हुतं, तू लिवलंस. मला नुसतं मधी उभं केलंस."

पंधरा दिवसांनी जिल्ह्याच्या बॉक्सिंग संघटनेनं तिला बेळगावला बोलावलं. पत्रकातून खोटा आरोप केला म्हणून तिच्यावर बंदी येऊ शकते, असं सरांच्या कानावर आलं होतं. आदल्या दिवशी गल्लीतले चार जण येऊन बसले. त्यांचं म्हणणं, आता माघार घेतलीस तर गावाचं नाक कापलं जाईल. आक्का सगळ्यांना चहा देत होती. त्यातले एक म्हणाले, "तू नुसती 'व्हय' म्हण. पुढचं आमी बघतो."

"पुढं खेळायचं मला हाय, आण्णा. तुमी काय बघणार?"

बैठकीत तिघे होते. मधल्या खुर्चीवर एक बाई, पूर्वीच्या कबड्डीपटू. त्यांनी पत्रक पुढं सरकवलं आणि कन्नडमध्ये विचारलं, हे तुमचं म्हणणं आहे का. आक्का उभी राहिली. तिनं कन्नडमध्येच सुरुवात केली, मग अडखळून मराठीत आली.

"काटा बरोबर हुता, मॅडम. मी चारशे ग्रॅम जास्त हुते. माझ्या गावानं मला मायेनं जेवू घातलं आणि मी जेवले. न्हाय म्हणायला पायजे हुतं, म्हटलं न्हाय."

खोडलेल्या ओळीबद्दल ती बोलली नाही. मी मागच्या बाकावर होते. उठले आणि म्हणाले की पत्रक मी लिहिलं, हिला न विचारता लिहिलं, आणि जेवण नको ही हिची ओळही मीच काढून टाकली होती. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "बहीण." त्या म्हणाल्या, "बसा."

बंदी आली नाही. तोंडी समज मिळाली. निपाणीत मात्र चौकातल्या तिच्या सत्काराच्या फ्लेक्सवर आठ दिवसांत कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चढला. शेजारचे काका महिनाभर आमच्या दाराकडे न बघता जायचे.

पुढच्या वर्षीच्या चाचणीत ती वजनात बसली आणि पहिल्याच सामन्यात हरली. त्याच्या पुढच्या वर्षी मनगट मोडलं. समोरच्या मुली अठरा-एकोणीसच्या होत्या, हिच्यापेक्षा वेगानं मागं सरकायच्या. एक दिवस तिनं ग्लोव्हज सरांच्या शेडमधल्या खिळ्याला अडकवले आणि घरी येऊन आईशेजारी विड्या वळायला बसली. मी शेजारी पुस्तक घेऊन बसायची आणि एकही पान उलटायची नाही. 'सगळं ठीक होईल' हे वाक्य मी तिला कधी म्हटलं नाही. तेवढं मी शिकले होते.

मग एका दुपारी त्या मधल्या खुर्चीवरच्या बाईंचा फोन आला. पंचांची परीक्षा आहे, बसणार का? कन्नड येतं, मराठी येतं, इंग्रजी जरा सुधारावं लागेल. आक्का फणकारली. "दुसऱ्यांच्या मारामारीत मधी उभं ऱ्हाऊन काय करू?" दोन दिवसांनी तीच म्हणाली, "बारके, त्ये नियमाचं पुस्तक वाचून दाव."

चार महिने आम्ही ते पुस्तक वाचलं. मी इंग्रजीतून मराठीत सांगायची, ती उठून हातवारे करून बघायची. त्या अख्ख्या पुस्तकात एक भारदस्त शब्द नव्हता. खेळाडू पडला तर काय करायचं, उभा राहिला पण डोळे स्थिर नसले तर काय करायचं, एवढंच. मला सुरुवातीला ते रूक्ष वाटलं. नंतर वाटलं, माणसाचा जीव वाचवणारं वाक्य असंच असायला पाहिजे. आक्का पहिल्या फटक्यात पास झाली. आईनं पांढऱ्या शर्टाला इतकी नीळ घातली की तो जवळजवळ आकाशी झाला.

गेल्या हिवाळ्यात बेळगावला स्पर्धा होती. लाल कोपऱ्यात निपाणीची मुलगी, आमच्याच मागच्या गल्लीतली, आणि निळ्या कोपऱ्यात विजापूरकडची. पंच कमी पडले म्हणून आक्काला विचारलं. ती म्हणाली, "मी ह्या पोरीच्या गावची हाय. आधी त्यांना इचारा." निळ्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षकानं हात हलवून चालेल म्हटलं. निपाणीहून दोन टेम्पो भरून माणसं आली होती. शेजारचे काका पुढच्या रांगेत शिट्टी घेऊन बसले होते.

दुसऱ्या फेरीत आमच्या मुलीला उजवा ठोसा बसला. ती पडली नाही. पण आक्का मधे शिरली आणि पुस्तकातल्या नियमाप्रमाणे बोटं दाखवत आठपर्यंत मोजायला लागली. आठला मुलीनं हात वर केले, खेळते म्हणाली. आक्कानं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून डोळ्यांत पाहिलं. सगळी निपाणी ओरडत होती, "सोड तिला, आपलीच हाय ती!" आक्कानं दोन्ही हात डोक्यावर हलवले. सामना थांबला.

शिट्ट्या, शिव्या, एक पाण्याची बाटली. आक्का मुलीला कमरेला धरून कोपऱ्यापर्यंत घेऊन गेली. तिला स्टुलावर बसवलं, डॉक्टरला बोलावलं आणि मगच वळली. मुलीची आई दोरांपाशी धावत आली. मला वाटलं, आता ही बोलणार. तिनं आक्काचा हात धरून विचारलं, "पोरगी बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. महिनाभर मारामारी न्हाय."

"मग महिन्यानं खेळंल?"

"खेळंल की. लई खेळंल."

माझ्या मागं बसलेल्या एका माणसानं माझा खांदा हलवला. "ही पंच बाई कुठली हो?"

"निपाणीची."

"मग निपाणीच्या पोरीला का थांबवली?"

माझ्याकडे उत्तरासाठी एक अख्खं भाषण तयार होतं. मी म्हटलं, "पोरीला लागलं होतं म्हणून."

तो रिंगकडे बघत "हां" म्हणाला. पुढच्या सामन्याची नावं पुकारली गेली. आक्कानं शर्ट खोचला आणि दोघींना मधे बोलावलं.