कोंडाजीची गाठ

हरसूलच्या कोंडाजी हाडवैद्याचा हात लागला की मोडलेलं हाड निमूट जागेवर बसतं, असं अख्खा तालुका सांगायचा, आणि कोंडाजी ते कुणाला विसरू देत नसे. वाटलेल्या पाल्याचा लेप, बांबूच्या कामट्या, वर घट्ट कापड. गाठ मारली की दम ठरलेला. "ज्या हातानं बांधली, त्याच हातानं सोडायची. दुसऱ्यानं हात लावला, तर हाडाला मी जबाबदार नाय."

त्र्याऐंशी साली अंबडच्या कारखान्यातला यादव मनगट मोडून आला. नाशिकच्या डॉक्टरनं दीड महिन्याचं प्लास्टर सांगितलेलं. कोंडाजी म्हणाला, पंधरा दिवसांत मशीनवर उभा करतो. मग डॉक्टरचं कोण ऐकतो? चौथ्या दिवशी बोटं सुजून काळी पडली. कारखान्यातल्यांनी त्याला परत त्याच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर कात्री घेऊन पुढे झाला, तर यादवची बायको कलाबाई आडवी आली. गाठ कोंडाजीच सोडील म्हणून तिनं नवऱ्याला एस.टी.नं हरसूलला आणलं. कोंडाजी नेमका पेठला लग्नात जेवत होता. दोघं दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्या ओट्यावर वाट बघत बसली. यादवचा हात कोपरापासून कापावा लागला.

पुढच्या बाजारी यादवचा भाऊ खंडेराव चौघांना घेऊन आला. त्यांनी कोंडाजीला पालथा पाडला, हात उंबऱ्यावर दाबून धरले आणि खंडेरावनं लेप वाटायच्या वरवंट्यानं एकेक बोट ठेचलं. भरला बाजार नुसता बघत राहिला. मोडलेल्या हाडाचा आवाज कोंडाजीच्या रोजच्या ओळखीचा, पण स्वतःचं हाड त्यानं कधी ऐकलं नव्हतं. चौथ्या बोटाला तो गुरासारखा ओरडला. रक्ताळलेला वरवंटा त्याच्या तोंडापुढं टाकून खंडेराव म्हणाला, "आता बांध."

बायको चंद्रभागानं त्याला जीपमध्ये घालून नाशिकला नेलं. डॉक्टर यादवचा तोच निघाला. आता हा उणंदुणं काढणार, म्हणून कोंडाजीनं मान खाली घातली. डॉक्टरनं मुकाट्यानं प्लास्टर घातलं आणि चंद्रभागाला सांगितलं, "बोटं काळी-निळी पडली तर माझी वाट बघू नका. जवळ असेल त्यानं कापून सोडावं."

कोंडाजी तिथंच हुंदके देऊन रडला. डॉक्टरला वाटलं, दुखतंय. दुखत होतंच, पण एवढंसं वाक्य वीस वर्षांत आपल्या तोंडून एकदाही निघालं नाही, हे त्याला त्या बोटांपेक्षा जास्त लागलं.

बोटं वाकडीच राहिली, गाठ मारणं संपलं. पुढं दर बाजारी तो एस.टी. थांब्यावर बसायचा. कुणाच्या हाताला पट्टी दिसली की उठून जायचा, बोटांचा रंग बघायचा आणि बांधणारा कोण हे न विचारता म्हणायचा, "काळी पडली तर सोड. कुणाची वाट बघू नको."