आभाळ दाखव

गजरमावशींना झोपलेलं माणूस बघवत नसे. पहाटे चारच्या आत त्यांच्या घरात एकही जीव आडवा राहिलेला त्यांना खपायचा नाही. मग ती अकरावीची पोरगी असो, नाही तर पोरीला भेटायला येऊन ओसरीवर मुक्काम केलेला तिचा आजोबा असो. आधी पायाचा अंगठा धरून ओढायच्या आणि मग हाक मारायच्या. हाकसुद्धा नावाने नाही, गावाने. "ए मुदखेड, ऊठ. उदगीर, ऊठ. रेणापूर, किती निजतीस?" माझे वडील रेल्वेत गँगमन. ते एकदा मावशींकडे मुक्कामाला होते. सकाळी मला हळूच म्हणाले, "बाई, मला वाटलं गाडीत डोळा लागला अन् टेशनं मागं पडून राहिली."

मी मुदखेडची. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेलं पहिलं माणूस मीच. सायन्स घेतलं आणि सगळ्यांसारखी लातूरला आले. त्या काळी लातुरात बाहेरून दोन तऱ्हेची माणसं येऊन राहिली होती. एक, भूकंपात ज्यांची गावं बसली ती. दुसरी आम्ही, मार्क मिळवायला आलेली. मावशी पहिल्या तऱ्हेतल्या. किल्लारीकडच्या कुठल्याशा खेड्यातून आलेल्या, वय जेमतेम तिशीचं, एकट्या. चार खोल्या त्यांनी पोरींना भाड्याने दिल्या होत्या आणि दोन्ही वेळचं जेवण घालायच्या. भूकंपात तुमचं कोण गेलं, हे तेव्हा लातुरात कुणी कुणाला विचारत नसे. सांगायचं असलं तर माणूस आपणहून सांगायचं. मावशींनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

उठून लगेच पुस्तकाला बसलं तर मावशी ते पुस्तक मिटून ठेवायच्या. आधी अंगणात जायचं. "आभाळ बघितलं का?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. बघितलं म्हटलं की पुढचा, "कसं हाय?" चांदण्या आहेत, ढग आहेत, काहीतरी सांगावं लागायचं. चहाही अंगणातच मिळायचा आणि तो संपेपर्यंत कुणालाही आत पाऊल टाकू देत नसत. पौषाच्या थंडीत आम्ही शाली गुंडाळून, दात वाजवत, एकमेकींना टेकून उभ्या असायचो. झोप उडावी म्हणून मावशी हे करतात, अशी आमची समजूत. स्वतः त्या ओसरीवर पत्र्याखाली निजायच्या. स्लॅबच्या खोल्या आम्हाला आणि त्या बाहेर. आत उकडतं म्हणायच्या. पौषातही उकडतं म्हणायच्या.

त्या उठवण्यावर मी बारावी काढली, पुढे बी.एस्सी., एम.एस्सी. केलं आणि नांदेडला कॉलेजात शिकवायला लागले. आमच्या सात पिढ्यांत पदवीचा झगा पहिल्यांदा माझ्या अंगावर चढला, हे मी कुणालाही सांगते. सांगताना लाजत नाही. मावशींना पेढे द्यायला गेले तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "अजून उठतीस ना?" म्हटलं उठते. तेवढ्यावर खूश झाल्या.

मग लॉकडाऊन आला. लातूर आठवड्यात रिकामं झालं. पोरी आपापल्या गावी गेल्या, क्लास फोनवर सुरू झाले आणि मावशींच्या खोल्यांना कुलपं लागली. त्या उन्हाळ्यात एका दुपारी त्यांचा फोन आला. इकडची तिकडची चौकशी झाली आणि त्या अगदी सहज म्हणाल्या, "मला ऑनलाइन धंदा टाकायचाय."

मी हातातलं काम खाली ठेवलं. पन्नाशी ओलांडलेली बाई. मोबाइल तापल्या तव्यासारखा दोन बोटांत धरणारी, आणि फोटो काढायला गेलं की पदर तोंडावर ओढणारी. ऑनलाइन हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकूनच मला धक्का बसला होता. सावरून म्हटलं, चांगलं आहे, तुमच्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीला गिऱ्हाईक मिळेल, कारळाचीही करा. त्यांनी मला मध्येच तोडलं.

"चटणी सगळ्याच बायका इकून राहिल्यात. मी पोरी उठवणार."

दुसरा धक्का हा. मला आधी वाटलं एकटेपणाने बाईचं डोकं फिरलं. मग त्यांनी सांगितलं की गावी गेलेल्या दोघी-तिघींनी स्वतःच फोन केले होते. मावशी, तुम्ही उठवत नाही तर उठणंच होत नाही, परीक्षा बुडेल. त्यांना मावशी रोज उठवत होत्या. त्यांच्या मैत्रिणी आता मागे लागल्या होत्या आणि एकीची आई फी विचारत होती. मी म्हटलं, अहो मावशी, प्रत्येकीच्या फोनमध्ये गजर असतो, फुकट.

"त्यो बंद करता येतो," मावशी म्हणाल्या. "मला बंद करून दाखव म्हणावं."

मी त्यांना व्हॉट्सअॅपचा गट काढून दिला, फी घ्यायची सोय लावून दिली आणि व्हिडिओ कॉल शिकवला. पहिले काही दिवस पोरींना पडद्यावर फक्त मावशींचा कान दिसायचा. त्यांना वाटे, फोन आहे म्हणजे तो कानालाच लावायचा. गटाला त्यांनी नाव दिलं 'उठवणी'. सात-आठ पोरींनी सुरू झालेलं ते काम पावसाळ्यापर्यंत इतकं वाढलं की मावशींना गावांची नावं पाठ करावी लागली. देगलूर, निलंगा, हदगाव, अहमदपूर. फोनवरही त्या गावानेच हाक मारायच्या. अंगठा काही ओढता यायचा नाही, पण एक पोरगी म्हणाली होती की मावशींचा आवाज आला की पायाचा अंगठा आपोआप आखडतो.

आणि फोनवरही त्यांची जुनी अट कायम होती. उठले म्हणून भागायचं नाही. घराबाहेर यायचं, फोन वर करायचा. "आभाळ दाखव." आभाळ दिसलं की मगच मावशी पुढच्या गावाला लागायच्या. घरात परत जायचं ते चहा झाल्यावर.

याच अटीवरून धंदा बुडायची पाळी आली. हिमायतनगरच्या एका पोरीने एक दिवस फोन उचलला नाही. मावशींनी तिच्या बापाला लावला, तोही उचलेना. मग त्यांनी शेजाऱ्याचा नंबर मिळवला, मग समोरच्या किराणावाल्याचा. पहाटे सगळी गल्ली त्या दारात जमा झाली. पोरगी नुसती गाढ झोपली होती. बाप संतापला आणि मावशींना म्हणाला, "बाई, आमचं घर पेटलंय का?"

"पेटल्यावर फोन करून काय उपेग?" मावशींनी विचारलं.

बापाने ते गटावर लिहिलं, वर दोन वाक्यं आपली जोडली. इतर आईबापांच्याही तक्रारी निघाल्या. पोरीला अंधारात बाहेर कशाला काढता, थंडी बाधते, उठली म्हणते तर विश्वास ठेवा. काहींनी गट सोडला. मावशींच्या खोल्या अजून रिकाम्याच होत्या आणि पोटापाण्याला एवढंच उरलं होतं. येणं-जाणं सुरू झाल्याबरोबर मी लातूर गाठलं. ठरवूनच गेले होते की ही अट काढायला लावायची.

मावशी ओसरीवर ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी शिकवते तशीच समजूत घातली. धंदा म्हटला की गिऱ्हाइकाच्या कलाने घ्यावं लागतं, पोरी उठल्याशी मतलब, आभाळाचं काय एवढं? मावशी खडे वेचत राहिल्या. मग ताटातली ज्वारी एका बाजूला सारून म्हणाल्या, "माझी पोरगी सात वरसांची होती."

दोन वर्षं त्या घरात राहिले होते, पुढे वीस वर्षं येत-जात होते. मावशींना मुलगी होती हे मला माहीत नव्हतं.

"गणपती बोळवून आलो होतो," त्या म्हणाल्या. "पोरगी लेझीम बघून दमली होती. मी पहाटं परसाकडं जाताना रोज तिला संगं न्यायची, एकटीला भ्या वाटायचं म्हणून. त्या दिशी हाक मारली तर तिनं नुसती कूस बदलली. नवरा म्हणला, झोपू दे तिला. मला बी वाटलं, झोपू दे. मी एकलीच गेले. माळावर व्हते तवा जमीन हालली. माघारी आले तर घर न्हाई. गावच न्हाई. धुळा नुसता."

त्यांनी ताटातला एक खडा वेचून अंगणात टाकला.

"दगडामातीचं माळवद व्हतं. आभाळाखाली असती तर तिला काय झालं असतं? आता तू सांग, आट काढू का?"

पौषातलं ते अंगण डोळ्यांपुढे आलं. दात वाजवत उभ्या असलेल्या आम्ही पोरी आणि दाराशी वाट अडवून उभ्या असलेल्या मावशी. आम्हाला वाटायचं, ही बाई आमच्या मार्कांसाठी झटते आहे. ती रोज पहाटे आम्हाला घराबाहेर काढत होती, आणि भूकंपाची ती वेळ टळली की मग आत सोडत होती. आमचे मार्क त्यातून पडले, ते ओघाने. माझी पदवी माझ्या कष्टांची आहे हे मी आजही म्हणते. पण ती मिळवायला मी ज्या वेळी उठत होते, ती वेळ कुणाची होती, हे मला त्या ओसरीवर कळलं.

अट राहिली. मी गटावर एवढंच लिहिलं की मावशी भूकंपातल्या आहेत आणि आभाळ दाखवावंच लागेल, पटत नसेल त्यांनी पोरीला काढून घ्यावं. बाकी काही लिहिलं नाही. आमच्या भागात तेवढं पुरतं. त्यानंतर कुणी गट सोडला नाही. हिमायतनगरच्या बापाने नमस्काराचं चित्र टाकलं, आणि पुढे पोरीबरोबर स्वतःही बनियनवर बाहेर येऊन आभाळ दाखवू लागला.

मावशी गेल्या त्याला आता वर्ष होऊन गेलं. साध्या तापाचं निमित्त झालं. त्यांच्यावर लिहायचं म्हटलं की मला मरणाचा दिवस आठवत नाही. त्याच्या आधीची एक पहाट आठवते.

त्या दिवशी मावशींचा फोन कुणालाच आला नाही. मी नांदेडला गच्चीवर उभी होते, कारण आता त्या पोरींबरोबर मलाही उठवायच्या. चार वाजून गेले. गट गप्प. मग हिमायतनगरच्या पोरीने आपल्या आभाळाचा फोटो टाकला. पाठोपाठ निलंग्याचा आला, देगलूरचा आला. कुणी उठवलेलं नसताना पोरी उठल्या होत्या. पडद्यावर काळ्या-निळ्या चौकटींची रांग लागली. शेवटी कुणीतरी लिहिलं, "मावशी, तुमचं आभाळ?"

उत्तर नाही. फोन वाजून वाजून बंद पडत होता. तेवढ्यात हिमायतनगरच्या बापाचा मला फोन. "मॅडम, बाई फोन उचलून नाही राहिल्या. शेजाऱ्याला लावा. दुकानवाल्याला लावा. कुणाला बी लावा, पण लावा."

मी मावशींच्या समोरच्या शोभाताईंना उठवलं. फोन कानाशी धरूनच त्या रस्ता ओलांडून गेल्या. ओसरीवरची बाज मोकळी होती आणि अंथरूण गायब. अवकाळी पाऊस वाऱ्यासकट येऊन गेला होता आणि पत्र्याखालची सगळी ओसरी भिजली होती. शोभाताई खिडकीशी गेल्या. गजांना कपाळ टेकवून त्यांनी आत पाहिलं.

"आत निजल्यात," त्या कुजबुजल्या. "स्लॅबखाली. घोरून राहिल्यात. उठवू का?"

मी तोंड उघडलं आणि अडले. जे दोन शब्द म्हणायचे होते ते त्या घरात कुणी कधी म्हणत नसे. ते ऐकून एक बाई पुढची सगळी वर्षं जागी राहिली होती. बोलले असते तर जीभ जळाली असती असं वाटलं. मग मी शोभाताईंना एवढंच म्हटलं की तिथेच खिडकीशी बसा, मी फोन चालू ठेवते. त्या बसल्या. आम्ही दोघी मावशींचं घोरणं ऐकत राहिलो.

ऊन वर आल्यावर मावशींचा फोन आला. व्हिडिओचा. या खेपेला कान नव्हता, तोंड होतं, पदर न ओढलेलं, केस विस्कटलेले, गालावर उशीचा वळ. शोभाताईंनी त्यांना सगळं सांगितलेलं होतं. मला वाटलं रागावतील, कुणी उठवलं का नाही म्हणून. त्या नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. वर बघत होत्या, पुन्हा माझ्याकडे.

"आत निजले मी," त्या म्हणाल्या. "येळ कवा टळून गेली कळलंच न्हाई. अन् हे घर उभंच हाय की गं."

थोड्या वेळाने त्यांनी गटावर फोटो टाकला. सगळ्या पोरींच्या आभाळांच्या खाली तो आजही आहे. पांढरा स्लॅब, मधोमध एक बंद पंखा.