आईचं जातं आणि मी सोडलेला खुंटा

भूत, देवचार, चकवा… असल्या गोष्टींना मी आयुष्यात कधी जागा दिली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, माणूस हळवा दिसतोय. हळवा माणूस माझ्या धंद्यात वर्षभरही टिकत नाही. मी जुन्या घरांतलं सामान घेतो आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांना विकतो. मेलेल्या माणसांच्या खाटा, त्यांचे आरसे, त्यांच्या कदेली (आमच्याकडे खुर्चीला अजून कदेल म्हणतात), सगळं माझ्या गोदामात रांगेने उभं असतं. त्यातल्याच एका खाटेवर मी दुपारी झोपतो. आजवर मला कुणी उठवलेलं नाही.

आम्ही पार्से गावचे, पेडणे तालुक्यातले. तीन भावंडं. थोरला दादा, मग अक्का, मग मी. वडील लवकर गेले. आईने लोकांचं दळण दळून आम्हाला वाढवलं. घरात एक जातं होतं, आमच्या बोलीत दांतें. काळ्या दगडाचं, वरच्या दगडाला फणसाच्या लाकडाचा, चीर गेलेला खुंटा. जात्यावर आई ओव्या म्हणायची. पहिली गावच्या देवीची, दुसरी वडिलांची, मग दादाची, मग अक्काची आणि सगळ्यात शेवटी माझी. शाळेतून आलो की मी तिच्यासमोर बसायचो. खुंट्यावर तिच्या हाताखाली माझा हात. अर्धा फेरा ती ओढायची, अर्धा मी. माझी ओवी येईपर्यंत उठायचं नाही, असा माझा हट्ट.

हे जातं मी विकलं. माझा पहिला सौदा तो. आई जत्रेला गेली होती. एका हॉटेलवाल्याला बागेत ठेवायला हवं होतं आणि मला धंद्यात पाय रोवायचा होता. घरात तेव्हा चक्कीचं पीठ येत होतं, जात्यावर कोंबडी बसायची. आई परत आली, जमिनीवर उरलेला गोल पांढुरका डाग बघितला आणि काही बोलली नाही. म्हणजे माझ्याशी बोललीच नाही, अकरा वर्षं. मी पुढ्यात उभा असलो तरी अक्काला म्हणायची, "ताका सांग, जेवण वाडलां." दादा आणि अक्कानेही मलाच धारेवर धरलं. नवं छप्पर, आईचं औषधपाणी, सगळं त्याच धंद्यातून आलं, हे मात्र कुणी कधी तोंडावर आणलं नाही. असो.

दोन वर्षांपूर्वी पेडण्यात, बाजारापासून जरा आत, जुन्या शाळेच्या तीन खोल्यांत लोकांनी मिळून एक लहानसं संग्रहालय उभं केलं. नांगर, पेंढ्यात बांधलेल्या भाताच्या मुड्या, वाजवायची मातीची घुमटं, काजूची बोंडं ठेचायचं सामान, असं काय काय. दर रविवारी मुलांना बोलावून माडाची चुडतं विणायला शिकवतात, मातीकाम घेतात, जात्यावर दळायला बसवतात. चालवतात त्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना बाई म्हणतात. सुरुवातीला मी आपणहून काही वस्तू घेऊन गेलो होतो, तर बाहेरच्या बाहेर निरोप आला, "भंगारवाल्याकडचां नाका, कोणाच्या घरातलां उचललेलां असता काय कळणा." तेव्हापासून मी त्या रस्त्याने गाडी नेली नाही.

गेल्या काजूच्या हंगामात अक्काचा फोन आला. बाई गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या ओव्या संग्रहालयासाठी रेकॉर्ड करत होत्या. आमच्या घरीही आल्या होत्या. आईने तेव्हा अंथरूण धरलं होतं. ती म्हणाली, जात्याशिवाय ओवी येत नाही. मग अक्काकडे बघून म्हणाली, "ताका सांग, दांतें हाड. मागीर सगळ्यांच्यो गातंय."

जातं आण, मग सगळ्यांच्या गाते. सगळ्यांच्या, म्हणजे माझीसुद्धा.

मी त्याच दिवशी हॉटेलात गेलो. नव्या मालकाने बाग काढून टाकलेली. जातं त्याने पेडण्याच्या संग्रहालयाला देऊन टाकलं होतं… फुकट!

बुधवारी दुपारी तीनच्या पुढे मी संग्रहालयात पोचलो. जातं मधल्या खोलीत चौथऱ्यावर होतं. खुंट्याच्या चिरेवरून लगेच ओळखलं. समोर पाटी, "दांतें. धान्य दळण्याचे साधन." बस्स. माझ्या आईचे हात घासून त्या खुंट्याला खळगा पडलाय, आणि पाटीवर चार शब्द! तिथेच माझं डोकं फिरलं.

रविवारच्या मुलांसाठी जात्याला नव्याने टाकी लावून, म्हणजे दगडाला छिन्नीने खाचा पाडून घेतल्या होत्या. बेळगावकडचा एक पाथरवट, यल्लाप्पा, काम संपवून हत्यारं पुसत बसला होता. दगड धुऊन वाळवलेला, चकचकीत. बाईंना मी आईचं सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊ, वस्तू वहीत चढल्या. एकटीन दिवपाक जायना माका. आयतवारी समितीची बैठक आसा. मी सोता विचारतंय आनी आमीच तुमच्या घरा घेऊन येतंव. आवय गाऊंदी, आमी रेकॉर्ड करतंव."

आज वाटतं, नुसतं हो म्हणायला हवं होतं. पण मला ते उसनं नको होतं. माझं ते माझ्याच गाडीतून, माझ्याच हाताने न्यायचं होतं. मी म्हटलं, याच्या बदल्यात दोन जाती देतो, वर एक पितळी लामणदिवा. बाई म्हणाल्या, "ही काय बाजारपेठ न्हय." मग मी धंद्यातली जुनी युक्ती काढली. समोरच्याचा माल आधी खोटा ठरवायचा. म्हटलं, "ह्या दगडाची वाट लावली तुमी. टाकी खोल गेल्या, खिळो वाकडो बसलो. मुलांच्या बोटांवर येतलां. फिरवून दाखवू?"

यल्लाप्पा पटकन उठला. "रिकामं फिरवू नगा सायेब. टाकीनंतर पयला कोंडा घालायचा असतोय. रिकामं जातं घराला चांगलं नसतंय."

"तुझ्या की माझ्या घराला?" मी म्हटलं आणि खाली बसून खुंटा धरला.

रिकामं जातं खडखडतं, दगडावर दगड वाजतो. हे वाजलं नाही. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच मऊ घरघर सुरू झाली… आत धान्य असताना येते तशी. मला वाटलं, टाकी चांगली बसलीय, आता दोष कसला काढू? म्हणून आणखी फिरवलं. आणि मग कळलं की मी अर्धाच फेरा ओढतोय. खुंटा माझ्यापासून दूर गेला की पलीकडून कुणीतरी तो ओढून घेत होतं आणि वळवून माझ्याकडे परत आणून देत होतं. पलीकडे कुणी नव्हतं. बाई दाराशी उभ्या होत्या, यल्लाप्पा माझ्या उजव्या हाताला. पलीकडे फक्त भिंत आणि टांगलेली घुमटं.

भाजलेल्या नाचण्याचा वास आला. दोन्ही दगडांच्या फटीतून तांबूस पीठ पडायला लागलं. यल्लाप्पाच्या तोंडून "अगं आई!" निघालं. मी किती वेळ फिरवत होतो सांगता येत नाही, चार मिनिटं असेल, पाच असेल. हात थांबत नव्हता, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला भीती वाटलीच नाही. ओळखीचं वाटत होतं. मग माझ्या हातावर हात आला. वरून, हलकेच… लहानपणी यायचा तसा.

मी खुंटा सोडला. विस्तवाला हात लागल्यासारखा सोडला. जातं अर्ध्या फेऱ्यात थांबलं.

बाईंनी पीठ बोटावर घेतलं. कोमट होतं. "आमी हांगा फक्त तांदूळ दळटंव," त्या म्हणाल्या, "नाचणो कदीच घातलो ना." तेवढ्यात माझा फोन वाजला. अक्का होती. ती रडतेय की हसतेय ते कळेना.

"आवय गायली रे! आत्ताच. पोदेर आयलो म्हणून मी पाव घेवक भायर गेलंय, परत येतंय तर ही खाटीर उठून बसल्या आनी हात गोल गोल फिरयता. देवीची गायली, बाबाची गायली, दादाची, माझी… मगे 'धाकलो माझो पूत' म्हटलान आनी हात थांबलो. तशीच आडवी झाली. तू खंय आसस? बेगीन ये!"

पेडणे ते पार्से मी गाडी कशी चालवली, आठवत नाही. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. उजव्या हाताचा तळवा लालभडक, अंगठ्याच्या मुळाशी ताजा फोड. दोन महिने त्या हाताने तिला पेलासुद्धा धरवत नव्हता. मी म्हटलं, "आई, मी आयलंय." तिने मान वळवली. अकरा वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं… तोंडाकडे नाही, हाताकडे. माझ्या बोटांना तांबूस पीठ लागलेलं होतं. तिने डोळे मिटले. "धाकलो माझो पूत, पुढे काय आई? पुढे सांग," मी कितीदा विचारलं असेल. शनिवारी पहाटे ती गेली, काही न बोलता.

मी सौदे करणारा माणूस, दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. मी सगळं तपासलं. पोदेराला गाठून विचारलं, तो आमच्या दारात चारच्या सुमारास आला होता. अक्काचा फोन चार वाजून नऊ मिनिटांचा. यल्लाप्पाला शोधून काढला. तो म्हणाला, धुतलेल्या दगडात कणभर काही नव्हतं, पाहिजे तर शपथ घालून विचारा. ते पीठ बाईंनी बरणीत भरून ठेवलंय. चक्कीवाल्याला दाखवलं, नाचणाच आहे. तो कुठून आला, हे तो कसं सांगणार? अक्का म्हणते तो आईचा आशीर्वाद होता. मग अर्धाच का? डॉक्टर म्हणाले, जाण्याआधी माणसाला अशी उभारी येते कधीकधी. येत असेल. पण पेडण्यातल्या दगडालाही येते का?

रविवारी बाईंनी आपला शब्द पाळला. समितीची माणसं पिकअपमधून जातं घेऊन दारात आली. एक पैशाचा वाद नाही, सही नाही. मी ते त्या जुन्या गोल डागावर ठेवून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत फिरवत बसलो. आधी नाचणा घालून, मग रिकामं. रिकामं फिरवलं तर नुसती दगडाची पूड पडली. दुसऱ्या दिवशी मीच ते परत पाठवून दिलं.

आता पाटी बदललीय. तिच्यावर आईचं नाव आहे. अक्काला स्वतःची ओवी पाठ होती, ती बाईंनी लिहून घेतली. दादानेही आपली सांगितली. माझ्या नावापुढे तीनच शब्द आहेत आणि मग टिंबं. आईने स्वतः रचलेली ओवी, तेव्हा तुमच्यापैकी कुणाला पुढचं ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. आयुष्यभर मनासारखा भाव मिळाल्याशिवाय मी कुठल्या वस्तूवरचा हात काढला नाही. त्या दिवशी अजून दहा-वीस फेरे धरून ठेवला असता तर…

झालं ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही, आणि जे येऊन सांगतात त्यांचं पटत नाही. दर रविवारी मी पेडण्याला जातो. मुलं दळून घरी गेली की बाई दार लोटून घेतात आणि मी खुंटा धरून बसतो. जातं जड फिरतं. अर्धा फेरा माझा, आणि उरलेला अर्धाही माझाच.