बोकडाच्या पोटातलं पाणी

पडदा वर जातो. मागे तलासरीच्या टेकड्या, वैशाखात करपून पिवळ्या पडलेल्या. मधोमध जांभळाचं झाड. त्याखाली निळी प्लॅस्टिकची खुर्ची, तिच्यावर धुतलेला टॉवेल. खुर्ची रिकामी. शेजारी झाकण ठेवलेला स्टीलचा हंडा. पाड्यावरच्या पंचवीसेक बाया अर्धगोल करून बसलेल्या. चाळीस वर्षं मी रंगमंचावर काढली, इतकं शांत प्रेक्षागृह मला क्वचितच लाभलं. मंगळवार, सकाळचे दहा.

हा खेळ बसवला होता नवशीनं.

नवशी चाळिशीची, सातवी शिकलेली. डहाणूला माझ्या घरामागच्या वाडीत चिकू उतरवायला येते आणि दुपारचा चहा माझ्याकडे घेते. हसरी बाई. पण अपमान झाला की तो जपून ठेवते. लग्नात तिच्या रंगावरून बोललेल्या चुलतसासूला ती आज अकरा वर्षं दर सणाला विचारते, "तुम्ही कोण, बाय? ओळखलं नाय."

तिच्या पाड्याची विहीर होळीनंतर आटते. मग पाणी येतं ते पांड्याच्या टँकरनं. तलासरीच्या नाक्यावर पांड्याचं मोबाइलचं दुकान आहे. दुकानाबाहेर फुकट वायफाय, म्हणून सगळा बाजार तिथं फोन धरून उभा असतो. यंदा त्यानं एका सडक्या तळ्यातलं पाणी भरून आणलं. पाड्यावरची मुलं जुलाबानं आडवी झाली. नवशीच्या लेकीला, भारतीला, चार दिवस सलाइन लावावं लागलं.

पाण्याच्या तक्रारीसाठी कुणा ठेकेदारानं इंटरनेटवर एक पान केलं होतं. नवशीनं ते पांड्याच्याच दुकानाबाहेर, त्याच्याच वायफायवर उघडलं. वर पत्त्याशेजारी फोननं लिहिलं होतं, ‘सुरक्षित नाही’.

"आबा, मला वाटलं पाण्याबद्दलच सांगतोय," ती मला नंतर म्हणाली. "म्हटलं, बघा, यांना पण ठाऊक आहे. मग मी मन मोकळं करून लिहिलं."

लिहिलं ते असं: हे पाणी बोकडाच्या पोटातलं आहे.

तिसऱ्या दिवशी टँकर पाड्याच्या वळणावर थांबलाच नाही. ड्रायव्हरशेजारून पांड्या ओरडला, "बोकडाच्या पोटातलं नको ना तुम्हाला? मग बसा कोरड्या!"

बायांना काही कळलं नाही. नवशी मात्र जागीच उभी राहिली. ते शब्द तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली तेव्हा माझी पुतणी सुषमा घरी होती. ती संगणक शिकवते. तिनं फोन पाहिला आणि कपाळाला हात लावला. "मावशी, ते पाण्याबद्दल नव्हतं, पानाबद्दल होतं! अशा पानावर लिहिलेलं वायफायवाल्याला जसंच्या तसं वाचता येतं."

"आणि नाय वाचता येणार असं?"

"पत्ता कुलूपबंद असला पाहिजे. मग तुमचे शब्द फोनमधून निघतानाच विस्कटतात आणि पलीकडच्या दारात पोचले की जुळतात. मधल्याला तुम्ही कुठल्या दारी गेलात एवढंच दिसतं. पलीकडचा माणूस बरा की वाईट, ते मात्र कुलूप सांगत नाही."

मला आमचा प्रॉम्प्टर आठवला. विंगेतून नटाला वाक्यं पुरवायचा. त्याचा आवाज चढला की पहिली रांग आमच्याआधी संवाद म्हणायची. "नवशी," मी म्हटलं, "पांड्या तुझ्या पहिल्या रांगेत बसलाय."

तिनं कप खाली ठेवला. "मग बसू दे. त्याला खेळ दाखवू."

तिनं सरकारी पान उघडायला शिकून घेतलं. ते कुलूपबंद होतं. मग पांड्याच्या दुकानासमोर जाऊन, त्याच्याच वायफायवर, त्याच्याकडे बघून हसत, तिनं खरी तक्रार पाठवली: तळ्याचा फोटो, टँकरचा नंबर, भारतीचे दवाखान्याचे कागद. चौकशीचा दिवस फोनवरून कळला, मंगळवार. तेव्हा पुन्हा तिथंच उभं राहून ठेकेदाराचं ते बिनकुलपाचं पान काढलं आणि लिहिलं: मंगळवारी दहाला साहेब गुपचूप पाड्यावर येणार, जांभळाखाली बसणार.

आणि मंगळवारी दहाला टँकर आला! काठोकाठ, नितळ पाण्यानं भरलेला. पांड्या इस्त्रीचा सदरा घालून उतरला, नारळ घेऊन.

"या, आयांनो, भरा! माझ्या पाड्याला कधी कमी पडू दिलंय का मी?" त्यानं खुर्चीकडे पाहिलं. "साहेब कुठंयत?"

"कुठले साहेब?" नवशीनं विचारलं.

"येणार होते ना... जांभळाखाली..."

"हे तुला कोणी सांगितलं?"

पांड्यानं ड्रायव्हरकडे पाहिलं.

"मी फक्त तक्रारीत लिहिलं होतं," नवशी बायांकडे वळली. "तुमच्यापैकी कोणाला म्हटलेलं?"

"नाय," सगळ्या एकदम म्हणाल्या.

"अगं बाय, मस्करी केली मी..." पांड्याचा नारळ हातातच राहिला.

"साहेब आहेत रे. तिकडं तळ्यावर आहेत. पाणी बाटलीत भरतायत, तुझा पंप बघतायत. खरी तक्रार कुलपातून गेली. तुझ्याच वायफायवरून."

तो टँकरकडे धावला. पण पुढचा रस्ता बायांनी केव्हाच भरून टाकला होता.

नवशीनं हंड्याचं झाकण काढलं. वास मागच्या रांगेपर्यंत आला. भारती आजारी पडली त्या दिवशीचं पाणी तिनं राखून ठेवलं होतं. तिनं तांब्या बुडवला आणि त्याच्या तोंडापुढे धरला.

पांड्यानं हात जोडले. "बेन, माफ कर. पोरीच्या दवाखान्याचं सगळं मी बघतो. पण हे नको."

तिनं तांब्या आणखी जवळ नेला.

"पी. माझ्या पोरीनं दोन तांबे प्यायले होते."