दगा न देणारी रायफल

आमच्या काकाचा पाय रानडुकराने खाल्ला, असं गावात म्हणतात. ते खोटं आहे. डुकराने पोटरी फाडली. पाय पुढे डॉक्टरांनी कापला, गुडघ्याखालून. पण काकाच्या लेखी गुन्हेगार दोनच होते. एक तो सुळेवाला डुक्कर आणि दुसरी घरातली जुनी दुनाळी बंदूक. निवडणूक लागली की लायसनच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा होतात, तशी आमचीही झाली होती आणि तिथल्या ओलीत पडून राहिली होती. परत मिळाली त्याच दिवशी काका ती घेऊन मारेगावच्या ठाण्यातून थेट तुरीत शिरला. समोरून डुक्कर आला, काकाने चाप ओढला आणि नुसतं खट् झालं.

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं ते वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. काका ओसरीवरच्या खाटेवर पडून असायचा आणि पाय गेल्याची सगळी कसर तोंडाने भरून काढायचा. भाजीत मीठ जास्त झालं तर ताट अंगणात, कमी झालं तरी अंगणात. मी दिसलो की म्हणायचा, ‘‘आला पाहा, दोन पायाचा!’’ काकी त्याची जखम धुवायची, त्याला उचलून न्हाणीत न्यायची. त्याच काकीला तो शेजाऱ्यांसमोर म्हणाला, ‘‘तुह्याच पायगुनानं माहा पाय गेला.’’ मला तेव्हा त्याचा गळा धरावासा वाटला होता.

काकीने मात्र मला गोठ्यामागे बोलावून वेगळंच सांगितलं. ‘‘बाबू, थो डुक्कर एकडाव मारून टाक. मंग हे मानसात येतीन.’’ तिचा त्यावर पुरा भरवसा होता आणि हळूहळू माझाही बसला. नवऱ्याचा जुना आवाज परत मिळावा, एवढंच त्या बाईचं मागणं होतं.

कागदपत्रं करता करता नाकी नऊ आले. लायसन काकाचंच राहिलं, चालवणारा म्हणून माझं नाव लागलं. मग त्याला जीपमध्ये घालून यवतमाळला बंदुकांच्या दुकानात नेलं. दुकानदार म्हातारा मुसलमान, फार सबुरीचा माणूस. त्याने काउंटरवर तीन रायफली मांडल्या. एक चकचकीत लाकडाची, एक दुर्बीण लावलेली आणि एक सरकारी कारखान्याची, पहारीसारखी जड आणि तितकीच देखणी.

‘‘चिखलात पडली तं?’’ काकाने विचारलं. ‘‘गाडीखाली आली तं? ठाण्यात चार मयने सडली तं?’’

‘‘चाचा, ही कारखान्याची घ्या. पुसली तर चालते, नाही पुसली तरी चालते. दिसायची मात्र अशीच.’’

काका तिचा बोल्ट ओढत बसला. ओढायचा, चाप दाबायचा, कान देऊन ऐकायचा. चहा निवून गेला. मी दुर्बीणवालीवर हात ठेवला तर म्हणाला, ‘‘काहून, तुले डोये नाईत? का थे बी डुकरानं नेले?’’ दुकानदार खाली मान घालून हसला. आम्ही पहार घेऊन घरी आलो.

तुरीच्या शेंगा भरल्यावर वनविभागाकडून डुक्कर मारायची परवानगी मिळाली. काकाला ट्रॅक्टरवरून शेतात नेलं आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, खुर्ची टाकून बसवलं. खिशातून त्याने मला एकच काडतूस काढून दिलं. ऊन कलायला लागलं तशी तूर हलली आणि डुक्कर बाहेर आलं. मी खांद्यामागे नेम धरला. रायफल चालली, चोख चालली. पण नेम माझाच चुकला आणि गोळी कमरेत बसली. मागचे पाय गेले. पुढच्या दोन पायांवर ते जनावर स्वतःला ओढत राहिलं आणि ओरडायला लागलं.

मी हात पुढे केला. ‘‘काका, काडतूस.’’

त्याने खिशावर पंजा ठेवला. ‘‘राहू दे.’’

‘‘तडपून राह्यलं ना थे!’’

‘‘दिसते मले.’’

एवढ्यात काकी डबा घेऊन धुऱ्यावर आली. तिने एकदाच तिकडे पाहिलं. ‘‘अवो, हे तं मादी हाये. दूध उतरलं हाये तिले. तुमाले मारनारा सुळेवाला व्हता.’’

‘‘मालूम हाये मले.’’

‘‘मंग कायले असं करता? बाबूले गोयी द्या.’’

‘‘मी याच तुरीत पडलो व्हतो,’’ काका शांतपणे म्हणाला. ‘‘किती येळ वरडलो. मले आला का कोनी गोयी घालाले?’’

माझ्या हातात चांगली नवी रायफल होती आणि ती काठीइतकीही कामाची नव्हती. काकाने मांडीवर डबा घेतला, उघडला आणि जेवायला लागला. मादीवरची नजर त्याने काढली नाही. ती धुऱ्याकडेच सरकत होती.

‘‘भाजी चांगली झाली वं आज,’’ तो म्हणाला. पाय गेल्यापासून काकीच्या हातच्या जेवणाला त्याने पहिल्यांदा बरं म्हटलं, आणि तेही त्याच्या जुन्या, मऊ आवाजात. ‘‘तू बी बस न. उपाशी असशीन.’’

काकी उभीच राहिली. मग त्याने एक भाकर मोडली आणि अर्धी तिच्यासाठी झाकणात काढून ठेवली.